एक जादा अर्ज

नलू, तुझ्यावरचा दुखवट्याचा ठराव सोसायटीत सर्वानुमते मंजूर झाला. हसू नकोस, खरंच झाला. तेराव्यानंतरच्या रविवारी खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, तुझा फोटो स्टुलावर ठेवला, आणि आपल्या सेक्रेटरींनी, जिग्नेशभाईंनी, मोबाइलमधून वाचून दाखवलं की श्रीमती नलिनीताई अत्यंत मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. मागून कोणीतरी खोकलं. तू आणि मनमिळाऊ. जिने इतक्या वर्षांत एक मीटिंग वेळेत संपू दिली नाही, ती. मग सवयीने जिग्नेशभाईंनी विचारलं, ‘किसी का विरोध? नाही ना?’ आणि सवयीनेच सगळ्यांनी पंपरूमच्या दाराजवळच्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे तू बसायचीस. तिथे कोणीतरी स्कूटर लावली होती. जिग्नेशभाई जरा थांबले, मग म्हणाले, ‘सर्वानुमते मंजूर.’ तेव्हा मला रडू फुटलं. लोकांना वाटलं फोटो बघून रडतेय.

तुला जाऊन दोन महिने होत आलेत. ठाण्याला परत जाताना प्राचीने आईच्या दाराला कुलूप लावलंय. कचरा ठेवायला दार उघडलं की समोर ते कुलूप दिसतं आणि मला राग येतो. तुझ्यावरच येतो, खोटं कशाला सांगू. भांडण असं अर्ध्यावर टाकून जातं का कोणी?

आपलं भांडण एकाच शब्दाचं होतं. बिनविरोध. मला तो शब्द आवडायचा. नवघरला राहायला आले तेव्हा या बिल्डिंगीत मराठी, गुजराती, मारवाडी, युपीचे, खालच्या मजल्यावर मूळ इथल्याच गोडदेव गावची हिराबाई, असे सगळे एका जिन्याने चढणारे लोक होते. एकाच्या घरी सुकट भाजली की दुसरा खिडक्या लावून घ्यायचा. अशा ठिकाणी कमिटी बिनविरोध येते म्हणजे केवढं समंजसपण, असं मला वाटायचं. जागा अकरा असायच्या आणि अर्जही बरोबर अकरा, त्यातला एक माझा. आधीच गच्चीत बसून कोण उभं राहणार ते ठरवून टाकायचे. निवडणूक अधिकारी यायचा, चहा प्यायचा, नावं वाचायचा, जायचा.

आणि मग तू आलीस. पहिल्याच खेपेला बारावा अर्ज भरलास. तुला कमिटीत यायचं होतं का? अजिबात नाही. तूच मला सांगितलंस, ‘कुंदा, मला निवडून यायचं नाहीये गं. मला फक्त मतदान व्हायला हवंय.’ मी म्हटलं, बाई सरळ आहे ना? एका रविवारचं वाटोळं करायला अर्ज भरतेय.

त्या अर्जाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. सूचक म्हणून तू हिराबाईला पकडलंस. अनुमोदक कोणी होईना. उगाच वाईटपणा कोण घेणार? तेव्हा तू पेन घेऊन माझ्या दारात आलीस. माझ्याच विरोधातल्या अर्जावर माझी सही मागायला. मी म्हटलं, ‘तुला लाज नाही वाटत?’ तू म्हणालीस, ‘दुसऱ्या मजल्यापर्यंत कोण उतरणार? तू समोर आहेस.’ आणि मी केली सही. का केली ते अजून मला सांगता येणार नाही. त्यानंतर दर निवडणुकीला तेच. तू पेन घेऊन यायचीस, मी आधी तुला बोलायचे, मग चहा टाकायचे, मग सही करायचे. नियमात बसतं की नाही ते कोणी बघितलं नाही. बघितलं असतं तर तूच पहिली हरकत घेतली असतीस.

मतदान फरसाणाच्या रिकाम्या डब्यात व्हायचं. डब्याला भोक पाडून वरून चिकटपट्टी लावायचो. निकालात तू कायम बारावी. एकदाही तुला वाईट वाटल्याचं मी बघितलं नाही. उलट कोणाला किती पडली ते कागदावर उतरवून घ्यायचीस आणि पॅसेजमध्ये मला गाठून म्हणायचीस, ‘यंदा तुझी घसरलीत हं.’ कसलं मेलं ते समाधान असायचं तुझ्या तोंडावर.

एका खेपेला माझी खरंच घसरली. आलेच मी निवडून, पण कशीबशी. घरी येऊन मी जेवले नाही. मी यांच्यासाठी काय काय करते आणि यांना मी नको? तू वाटीत आमटी घेऊन आलीस आणि म्हणालीस, ‘रडू नकोस, फिरून ये.’ म्हणून मी रागारागाने मागच्या विंगमध्ये गेले, सहज म्हणून. तेव्हा कळलं की पंप बंद करायची जी वेळ मी ठरवली होती, त्या वेळेपर्यंत त्यांच्या टाकीत पाणी चढतच नव्हतं. महिनोन्महिने कोरड्या नळांखाली बादल्या लावून बसले होते ते लोक, आणि जिन्यात भेटले की मला नमस्ते करायचे. मी वेळ बदलली. तुला कबूल मात्र केलं नाही की हे त्या डब्यामुळे कळलं. तुला ते माहीत होतंच.

पण म्हणून सगळं तुझंच बरोबर असं नाही हं नलू. तू गेलीस म्हणून मी आता तुझ्या पारड्यात वजन टाकणार नाही. तू अति करायचीस. गेटला रंग कोणता द्यायचा यावर ‘माझा विरोध लिहून घ्या’ म्हणायला काय कारण होतं? तुझा विरोध नव्हताच, नंतर मला म्हणालीस की निळा तुलाही आवडतो. मग? ‘कोणीतरी म्हणायला हवं ना, नाहीतर सवय जाते.’ अशा तुझ्या सवयीपायी माणसं मीटिंगला यायची बंद झाली. ते बघणारी मी होते, तू नाही. तू बोलून मोकळी व्हायचीस, आणि रुसलेल्यांच्या दारात मी जायचे.

फक्त एकदा मी मनातून तुझ्या बाजूने होते. कंपाउंडमध्ये मासळी वाळत घालायला बंदी करायची होती. सगळ्यांचे हात वर. हिराबाई खाली मान घालून बसलेली. ज्या जमिनीवर आपली बिल्डिंग उभी आहे ती तिच्या सासऱ्याची, तिला बदल्यात तळमजल्याची खोली मिळालेली, आणि आपण तिला सांगत होतो की बाई तुझ्या सुकटीचा वास येतो. तू उठलीस. ‘माझा विरोध. आणि हिराबाईंचा आहे का ते त्यांना विचारा, त्यांच्या समोर बसून त्यांच्याबद्दल ठराव कसला करताय?’ तेव्हा कुठे हिराबाईने तोंड उघडलं. ‘वरीसभर न्हाय घालत गो मी, चार दिस घालते. तवा खिडक्या लावा.’ एवढंच. लोक हसले आणि ठराव बारगळला. बंदी घालायला हात वर केलेल्यांत मीही होते, पण तो पडला तेव्हा मला हलकं वाटलं.

नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, ती मधली वर्षं आठवतात? आपल्या गल्लीतलं गटार तुंबलं आणि आपण दोघी वॉर्ड ऑफिसात गेलो. टेबलावरचा माणूस बिचारा चांगला होता. म्हणाला, ‘काकी, आता नगरसेवक नाहीत, निवडणुका होतील तेव्हा होतील. तुम्ही लिहून द्या, साहेबांकडे पाठवतो.’ तू त्याला विचारलंस, ‘तुमच्या साहेबांना मला पाडता येतं का?’ तो घाबरला. ‘पाडता म्हणजे?’ ‘निवडणुकीत हो. काम नाही केलं तर पुढच्या वेळी मी त्यांना पाडू शकते का?’ तो हसत सुटला. म्हणाला, ‘काकी, मलाही नाही येत.’ पुढच्या आठवड्यात गटार साफ झालं. मी तुला म्हटलं, ‘बघ, झालं ना काम? नगरसेवकाच्या दारात चपला झिजवूनही झालं नसतं.’ तू म्हणालीस, ‘झालं. चांगला माणूस आहे. पण ही मेहेरबानी झाली, कुंदा. उद्या दुसरा साहेब येईल, तो नाही करणार, मग त्याला काय म्हणायचं? प्लीज?’ मी म्हटलं, प्लीज म्हणायला काय जातं तुझं.

महापालिकेच्या निवडणुका लागल्या तोवर तू अंथरूण धरलं होतंस. टीव्हीवर कुठल्या कुठल्या गावचे उमेदवार मतदानाच्या आधीच गुलाल उधळत होते. समोरच्यांनी अर्ज मागे घेतले, हे बिनविरोध. तू उशीवरून म्हणालीस, ‘निवडून नाही आलेत मेले. उरलेत.’ प्राची हसली. मी नाही हसले, कारण तो टोला मला होता. मी म्हटलं, ‘सगळ्यांना तोच माणूस हवा असेल तर मत घेऊन काय वेगळं होणार आहे? उगाच खर्च.’ तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं झोपली. तर तशीच म्हणालीस, ‘कोणाला नको होता ते कळेल.’

‘कळून काय फायदा?’

‘मग तो त्यांच्याशी नीट वागेल.’

‘म्हणजे मी नीट वागत नाही?’

तेवढ्यात प्राची औषध घेऊन आली आणि म्हणाली, ‘मावशी, आता बास, तिला दम लागतोय.’ बास म्हणजे बासच झालं ते. त्यानंतर तू तुझ्या दुखण्याबद्दल बोललीस, प्राचीबद्दल बोललीस, तुझ्या त्या लोणच्याच्या बरणीबद्दल बोललीस. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र नाही दिलंस.

तरी मतदानाला तू गेलीसच. मी नको म्हटलं, डॉक्टरांनी नको म्हटलं. प्राची आणि मी तुला रिक्षात घातलं, शाळेच्या गेटपासून खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं. आपल्याकडे एका प्रभागातून चार नगरसेवक, म्हणून चार चार मतं द्यायची. तू आत गेलीस ती येईचनास. तिथली बाई म्हणाली, ‘आजी, झालं का?’ पुठ्ठ्याच्या आडून तुझा आवाज आला, ‘चार माणसं निवडायचीयत, विचार तर करू दे.’ रांगेतली माणसं हसली. तू बाहेर आलीस तेव्हा तुझं तोंड पांढरंफटक पडलेलं, आणि खूश होतीस. अशी खूश मी तुला त्यानंतर बघितली नाही.

मत कोणाला दिलंस ते तू कधीच सांगितलं नाहीस. सोसायटीतही नाही. एक विचारायचं राहिलं बघ. त्या फरसाणाच्या डब्यात मी दर वेळी तुझ्या नावापुढे फुली मारली. तू माझ्या नावापुढे मारायचीस का? प्रत्येकाला अकरा फुल्या असायच्या, एक माझ्या वाट्याला यायला हरकत नव्हती. कितीदा तोंडावर आलं होतं. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, गुप्त मतदान आहे. म्हणून नाही विचारलं. आता वाटतं, विचारून शिव्या खाल्ल्या असत्या तरी चाललं असतं.

तू गेल्यावर महिन्याभरात सोसायटीची निवडणूक आली. या वेळची कमिटी रिडेव्हलपमेंटवाली. बिल्डर हीच ठरवणार, बिल्डिंग पाडायचं हीच ठरवणार. जागा अकरा, अर्ज अकरा. जिग्नेशभाई म्हणाले, ‘काकी, इस बार सब सेट है. कुछ झंझट नाही.’ नाव नाही घेतलं तुझं, पण झंझट म्हणजे कोण ते आम्हा दोघांनाही कळलं. आणि मला काय झालं कोण जाणे. मी घरी आले, पेन घेतलं, आणि जिना उतरले.

नलू, मी दारोदार फिरले. माझ्या विरोधात कोणीतरी उभं राहा म्हणून. असं कोणी ऐकलंय का कधी? तिसऱ्या मजल्यावरचे गुप्ताजी हात जोडून म्हणाले, ‘भाभीजी, आप हो ना, फिर क्या टेन्शन?’ दुसऱ्या मजल्यावरच्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंना म्हटलं, तुम्ही तरी. त्या म्हणाल्या, ‘मला काय वेड लागलंय? लोक म्हणतील कुंदाकाकूंचं आणि यांचं काय वाकडं आहे?’ मागच्या विंगमध्ये सगळ्यांनी पाणी विचारलं, सरबत विचारलं, अर्ज कोणी घेतला नाही. प्राचीला फोन केला. ‘मावशी, आईचं ते आईबरोबर गेलं गं. मला ठाण्याहून दर मीटिंगला कसं जमणार?’ तिचं बरोबर आहे. हिराबाई ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. ती म्हणाली, ‘मी कशाला गो उभी ऱ्हाते? तू हाय ना.’ जो तो हेच. तू हाय ना. आप हो ना. तुम्ही आहात ना. इतकं प्रेम की अंगावर काटा आला.

मग मीच अर्ज मागे घ्यावा असंही मनात आलं. पण खोटं नाही बोलणार, मला रिडेव्हलपमेंट हवीय. माझे गुडघे गेलेत, चौथा मजला चढवत नाही, मोरीच्या छताचं प्लास्टर पडतंय. मला लिफ्ट हवीय. ती मागायची आणि कमिटीतून पळायचं, हे काही बरं दिसेना. राहिले. बिनविरोध आले. कमिटीने मला चेअरमन केलं तेही बिनविरोध. हार घातला. शेवंतीचा होता, तुला शिंका येतात तो. मी खुर्चीत बसले आणि मला एकच दिसत होतं की यांच्यातल्या कोणाला मी नको आहे ते मला आता कधी कळणार नाही. सगळे हसत होते माझ्याकडे बघून. तुझ्या भाषेत मी उरले होते.

काल ठरावाची सभा झाली. बिल्डरचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवून गेला. उंच टॉवर, खाली गाड्या, वर बाग. सगळ्यांना आवडलं, मलाही आवडलं. मी उभी राहिले आणि विचारलं. जिग्नेशभाईंसारखं नाही विचारलं. मी नीट, थांबून, एकेकाकडे बघत विचारलं, ‘कोणाचा विरोध असेल तर बोला. राग येणार नाही मला. तुमचं घर आहे.’ हिंदीतही सांगितलं. पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत बघितलं. कोणी नाही. पोरं मोबाइलमध्ये, बायका पदर सावरत उठायच्या तयारीत. पुन्हा विचारलं. गुप्ताजी म्हणाले, ‘भाभीजी, सब राजी हैं, आगे बढ़ो.’ टाळ्या झाल्या. जिग्नेशभाईंनी सर्वानुमते लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. काय करायला हवं होतं मी? तूच सांग. जीभ ओढून बाहेर काढायची का लोकांची? मी सही केली.

खुर्च्या उचलून झाल्या, माणसं गेली. मी हळूहळू जिन्याकडे आले. हिराबाई तिच्या दारात उभी होती, मी येईन म्हणूनच उभी असावी. म्हणाली, ‘कुंदाबाय, मना न्हाय पाहिजे होतं गो पाडायला.’

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, ‘काय?’

‘घर. मी वर न्हाय राहू शकत. ओटा न्हाय, माती न्हाय. सोलाव्या माल्यावर मी काय करू? मरून जाईन मी तिकडं.’

‘अगं, मग बोलली का नाहीस? मी दोनदा विचारलं. तुझ्याकडे बघून विचारलं.’

‘तू विचारलंस म्हनून तर न्हाय बोलली,’ ती म्हणाली. ‘दुसरा कोन असता तर बोलले असते. तू एवढा करते सगल्यांचा. तुझ्या तोंडावर कशी न्हाय म्हनू? नलूबाय असती तर तिनं म्हनलं असतं, मंग मी पन म्हनले असते.’

मी तिचा हात धरला. म्हटलं, चल वर, आत्ता जिग्नेशभाईंना सांगते, तुझा विरोध लिहायला लावते. तिने हात सोडवून घेतला, झटकून नाही, हलकेच, मी चिडू नये म्हणून. ‘नको गो. सगल्यांनी हो म्हनलं. आता मी येकटीच वाईट कशाला दिसू? झालं ते झालं.’

नलू, तिला मी नको होते गं. माझा ठराव नको होता. आणि तिला ते बोलता आलं नाही ते माझ्या भीतीने नाही, माझ्या चांगुलपणाने. याला मी आता काय करू? भांडकुदळ असते, खाष्ट असते, तर तिने मला तोंडावर सांगितलं असतं. तुझ्याकडे याचं उत्तर असेलही. पण तू आत्ता पॅसेज ओलांडून येणार नाहीस, आणि तिचं घर पाडायच्या ठरावाखाली माझी सही आहे, आणि वर सर्वानुमते लिहिलंय.

मी जिना चढायला लागले. कठड्याला धरून, एकेक पायरी. मागून हिराबाईने दिवा लावला, माझ्यासाठी. म्हणाली, ‘सांभालून जा गो बाय. तिसरी पायरी फुटलेय.’